दहावी खेप

रोमच्या जुन्या चौकातल्या न्यायसभागृहाचा एक खांब निरंजन रोज ऐकायचा. दगडात मुरलेले आवाज ध्वनिशोधकाने बाहेर काढता येत, मात्र दहा वेळा ऐकले की ते कायमचे पुसले जात. त्या खांबातली दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई त्याने नऊ वेळा ऐकली होती, डोळे मिटून.

"काय गोड गळा आहे गं! शेवटची खेप माझ्याबरोबर ऐक आणि मला अर्थ सांग ना," तो बायकोला म्हणाला.

लॅटिन शर्मिष्ठालाच येत होतं. पण लग्नाच्या बारा वर्षांत तिच्या आवाजाला त्याने कधी गोड म्हटलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तो जेवायला गेल्यावर तिने ध्वनिशोधक कानाला लावला आणि शेवटची खेप एकटीनेच संपवून टाकली.

बाई न्यायाधीशाला सांगत होती, "नवरा एका गाणारणीपायी वेडा झालाय. माझं बोलणं त्याच्या कानातच शिरत नाही. तुम्ही तरी ऐका हो!"

निरंजन परतला तेव्हा शर्मिष्ठा खांबाला टेकून रडत होती.

"संपवलंस? काय म्हणत होती ती?"

"बस इथे, सांगते," ती म्हणाली. "पण आता माझ्याच आवाजात ऐकावं लागेल."