दोन हातांचा फोटो

वर्णभेदाविरुद्ध शहरभर लागणाऱ्या पोस्टरवर दोनच हात दिसणार होते. एक गोरा, एक काळा, एकमेकांत घट्ट धरलेले. खाली ओळ, "हात धरा, रंग लागत नाही." गोऱ्या हाताच्या बाई आधीच ठरल्या होत्या. काळ्या हातासाठी स्टुडिओतल्या दिवेवाल्याला उभं केलं, तर बाईंनी नाक मुरडलं. "शी! याचा हात धरू मी? त्याला दिवेच लावू दे."

मोहिमेच्या साहेबांनी लगेच शेपूट घातली. आपल्या गोऱ्यापान भाच्याला खुर्चीत बसवलं आणि मेकअपवालीला फर्मावलं, "दिवेवाल्याचा रंग बघ, तस्साच कालव आणि याच्या हाताला फास."

दिवेवाल्याचा हात शेजारी ठेवून ती मुकाट्याने रंग जुळवत राहिली. तिला स्वतःचीच किळस आली, पण ब्रश काही थांबला नाही.

फोटो झाला. "वा, काळजाला भिडतंय!" साहेब म्हणाले. तेवढ्यात हात सोडवून बाई किंचाळल्या. त्यांचा तळवा काळाकुट्ट झाला होता.

मेकअपवाली कापूस शोधू लागली. तो तिच्या हातात देत दिवेवाला हळूच म्हणाला, "ताई, माझा नसता हो लागला."