अंगठीची खूण

कोळशाच्या खाणीत साडूचं बोट दोन ढकलगाड्यांमध्ये चिरडलं, तेव्हा त्याच खाणीत राबणारा हा हळहळला. साडूला वर, खाणीत उतरणाऱ्यांना दिवे वाटायचं काम मिळालं, तेव्हा मात्र याच्या पोटात दुखायला लागलं. साडू खिडकीत बसून ऊन खायचा, दुपारी घरी जेवायचा. "भावजींची तब्येत किती सुधारलीय," बायको रोज ऐकवायची. हा काळी थुंकी टाकून खाली उतरायचा. एका बोटाच्या बदल्यात एवढं सुख मिळत असेल, तर नऊही पुरतील. आज सकाळी, सोनं तरी वाचावं म्हणून, यानं साबण लावून अंगठी काढली आणि फडताळात ठेवली. खिडकीशी दिव्यासाठी हात पुढे केला. साडूची नजर बोटावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबली. "अंगठी कुठंय?" "सैल झालीय. घरी ठेवली." साडूनं दिवा आत ओढला. थोटकं बोट चोळत म्हणाला, "बोट गेलं त्या दिवशी मीही घरीच ठेवली होती. जा, घालून ये. मग दिवा देतो."