नकाशाबाहेरची खोली

सकाळपासून ती घरात येरझारा घालत होती. जुन्या बँकेचं व्याज परवडेना म्हणून घराचं कर्ज दुसरीकडे न्यायचं ठरलं होतं आणि कागद जमवताना तिच्या नाकी नऊ आले होते. नव्या बँकेचा माणूस टेपने घर मोजताना मागच्या खोलीपाशी थबकला. "ताई, ही खोली मंजूर नकाशात नाही. पाडावी लागेल, नाहीतर कर्ज विसरा." आत तिचे गवंडी वडील ऐकत बसले होते. आईच्या शेवटच्या आजारपणात तिला ऊन मिळावं म्हणून ती खोली त्यांनी एकट्याने बांधली होती. "बाबा, राहू द्या, जुनीच बँक बरी," ती चाचरत म्हणाली. "वेडी की काय? तिचा पलंग बाहेर काढायला हात लाव," म्हणत वडील उठले. "मजूर नको. मी पाडली तर विटा शाबूत निघतील." तिला हायसं वाटलं, पण मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.