चकाकी नसलेले मामा

मंगल कार्यालयाच्या दारावरच्या यंत्राने मनोहरमामांच्या डोळ्यांत तिसऱ्यांदा प्रकाश टाकला आणि नम्रपणे सांगितलं, "डोळ्यांत चकाकी नाही. हा माणूस नसून फोटो आहे."

पाहुण्यांचे फोटो दाखवून फुकट जेवायला घुसणारे वाढल्यापासून ही तपासणी सुरू झाली होती. मामा पडले फोटोग्राफर. मांडवातल्या दिव्यांनी दिपायला नको म्हणून त्यांनी लेन्सवरचा लेप गेल्याच महिन्यात स्वतःच्या डोळ्यांवर चढवून घेतला होता. त्या थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांना खोडून टाकतात. परावर्तन शून्य, आणि तेही कायमचं.

आतून भटजी ओरडले, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं! चार मिनिटं उरली!"

"अहो, मीच तो मामा!"

"बोलका फोटो," यंत्राने नोंद सुधारली.

नवरीचे वडील घामाघूम होऊन धावत आले. "मग फोटोला तरी आत सोडा!"

"अवश्य. पण उचलून न्यावा."

"दाजी, जरा सांभाळून," मामा पुटपुटले आणि ताठ झाले. दाजींनी आणि एका पाहुण्याने त्यांना उचललं. वाटेत कुणीतरी सवयीने हार घातला.

नवऱ्या मुलीशेजारी, केतकीशेजारी, त्यांना भिंतीला टेकवलं. तिने भाचीच्या हक्काने हात धरला. "मामा, घट्ट धरा ना. भीती वाटतेय मला."

छताला लावलेलं तसलंच दुसरं यंत्र बघत होतं. मामांनी बोटसुद्धा हलवलं नाही. फक्त डोळ्यांत पाणी आलं, लेपावर पसरलं आणि चमकलं.

"जिवंत माणूस सापडला," यंत्र म्हणालं. "दारातून आल्याची नोंद नाही. बाहेर काढावं."

बाहेर जाताना मात्र मामांना चालायची परवानगी होती.