पुढचे टायर, मागचे टायर

ओहायोतल्या जत्रेत दरवर्षी ट्रक-ओढीची स्पर्धा असे. वजन लादलेली बिनचाकांची घसरगाडी ट्रकमागे बांधून जो सर्वांत लांब ओढेल, तो जिंकला. ट्रक लॉर्ना चालवायची, टायर तिचे बाबा डेल्मर निवडायचे, आणि त्यावरून बापलेकीची अशी जुंपायची की शेजारचे हातातलं काम टाकून ऐकत उभे राहायचे.

या वर्षी माती ओली, भुसभुशीत होती. डेल्मर खुर्चीतूनच म्हणाले, "मागे नवे लाव. पुढे ते घासलेले."

त्यांच्या ट्रकची चारही चाकं ओढायची; ओल्या मातीत पुढे घासलेले टायर लावले तर पुढची चाकं जागीच फिरणार, हे लॉर्नाला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

"बरं, बाबा," म्हणत तिने पाना उचलला.

"काय गं, आज भांडण नाही?" शेजारचा ट्रकवाला ओरडला. ती नुसती हसली.

ट्रक अर्ध्या वाटेतच रुतला.

"पुढच्या वर्षी जिंकू, बाबा," परत येऊन ती म्हणाली.

डेल्मरनी तिचा चिखलाने माखलेला हात हातात घेतला.

"पोरी, मी टायर मुद्दाम चुकीचे सांगितले होते. भांडली असतीस, तर जिवाला बरं वाटलं असतं. आता खरं सांग, माझ्यामागे डॉक्टर तुला काय म्हणाले?"