पात्यावर हात

"हे उद्या बाहेर कुणाला सांगाल, तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील," कानसेन म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. "चालू इंजिनाच्या पात्याला हात घातलेला माणूस कुणी पाहिलाय आजवर? आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी बिस्किटं खातोय?"

हँगरच्या कॅन्टीनमधलं टेबल खिदळलं. टोकाला बसलेली इंजिनीअरबाई तेवढी हसली नाही. नव्या इंजिनांबरोबर ती महिन्याभरापूर्वी इथे आली होती. तिच्या खिशात एक कागद होता. नव्या इंजिनाची चाचणी चालू असताना त्याच्याजवळ कुणी उभं राहायचं, त्यांची नावं. बारापर्यंत सही हवी होती. पहिलंच नाव कानसेनचं, आणि तिथेच तिचं पेन कालपासून अडलं होतं. ज्याचं नाव गळेल तो गोदामात बसून नटबोल्ट वाटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कानसेन हे त्याचं नाव नव्हे, पदवी. चाळीस वर्षं तो या जुन्या प्रवासी विमानांच्या इंजिनांना कान लावत आला होता. म्हणजे धडधडत्या इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "पाचव्या सिलिंडरला खोकला झालाय." उघडून बघावं, तर पाचवाच. पण आता ती थरथरणारी, तेल गाळणारी धुडं उतरवून तिथे सडपातळ टर्बाइन बसत होती. वजनाला इतकी हलकी, की तोल राखायला विमान मधोमध कापून पंखांच्या पुढे दोन हातांचा जोड घालावा लागला. "म्हातारीला नवे दात बसवले आणि त्यापायी मान लांब करावी लागली," असं पत्रेवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. जोड त्याने घातला होता.

नवं इंजिन विमानाला जोडण्याआधी पहिल्यांदा चाचणीच्या ओट्यावर चालवून बघितलं, त्या दिवशीही कानसेनने तळवा ठेवला होता. बराच वेळ ठेवला. मग इंजिनाकडे न बघता तो आपल्या हाताकडेच बघत राहिला.

"बरं, कालचं नीट सांग," पत्रेवाला म्हणाला. काल तो आग विझवायचं नळकांडं घेऊन शेपटीपाशी उभा होता, कानांवर जाड झाकणं चढवून. सगळ्यांनीच चढवली होती. एकटा कानसेन बोडक्या कानांनी. कान झाकून कान कसा लावायचा, हा त्याचा नेहमीचा सवाल.

"सांगायचं काय? बाईंनी वर बसून कळ दाबली. आतलं चाक फिरायला लागलं. पंखा मात्र ढिम्म."

एवढं खरं होतं. या इंजिनात आधी आतलं चाक वेग धरतं, मग इंधन सोडायचं, मग जाळ पेटतो आणि मग पंखा फिरतो. बाईचा हात इंधनाच्या दांड्यावर गेला होता. तेवढ्यात काचेतून दिसलं, कानसेन रमतगमत आला, त्याने पात्याला हात घातला आणि पंखा फिरवायला लागला. जुन्या इंजिनांची ती रीत. रात्रभरात खालच्या सिलिंडरांत तेल साचतं, म्हणून सुरू करण्याआधी पाती हाताने फिरवायची आणि नऊ मोजायची. सुरू करण्याआधी. इथे तर आतलं चाक कानाचे पडदे फाटतील असं किंचाळत होतं. तिने सगळं बंद केलं. खाली कानसेन मान वर करून म्हणत होता, "झाली नऊ. करा सुरू."

लोक पोट धरून हसले. नव्या इंजिनाची अशी फजिती कुणी केली नव्हती. बाईला मात्र कोडं सुटेना.

"माझ्या कानाने सांगितलं ना, आत अजून जाळ नाही म्हणून," कानसेन आता रंगात आला. "जाळ नसलेलं इंजिन म्हणजे दात नसलेला वाघ. म्हटलं, जरा मिशा ओढून बघू."

बाईचा गोंधळ आणखी वाढला. जाळ नव्हता, हे खरंच. पण ते तिलासुद्धा समोरच्या काट्यांवरून कळत होतं. या माणसाला नुसत्या कानाने कळलं असेल, तर चालू इंजिनापाशी उभं करायला याच्याइतका भरवशाचा माणूस शोधून सापडायचा नाही. तिने कागद काढला. कप ओठांशी धरूनच विचारलं, "काका, भीती नाही वाटली?"

"तीन," कानसेन म्हणाला. "साखर तीनच चमचे."

टेबल पुन्हा खिदळलं. "बघा, कसं टोलवलं," पत्रेवाला म्हणाला. बाईचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच थांबलं.

"आणि बाई वरून केवढ्यांदा ओरडल्या," कानसेनचं चालूच होतं. "'काका, हात काढा. काका, हात काढा.' त्या किंचाळीतूनही अक्षर न् अक्षर ऐकलं मी. तुम्ही सगळे कान झाकून उभे. ऐकलं ते या एकट्या कानाने. खोटं वाटत असेल तर विचारा बाईंना."

सगळे बाईकडे वळले. कानसेनही वळला, आणि नेहमीसारखा तिच्या ओठांकडे बघत राहिला.

तिने कप खाली ठेवला. पेनाला टोपण लावलं. मग त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली,

"काका, माझा आवाज फुटलाच नव्हता. भीतीने नुसतं तोंड हलत होतं. तुम्ही ते ऐकलं नाहीत, बघितलंत."