धूर हवामानात धरतात

विमानाचा आवाज पुन्हा डोक्यावरून गेला, पण विमान दिसलं नाही. धावपट्टीवर धूर बसला होता.

बाळासो पळतच विमानतळाच्या खोलीत शिरला. विमान कंपनीचे गुरुप्रसाद वायरलेस हातात धरून खिडकीत उभे होते.

"साहेब, धूर माझा हाय. कुंपणाला लागून रान हाय माझं. सकाळी उसाचं पाचट पेटवलं."

"आजच पेटवायचं होतं, पावणं?"

"रातभर दवाखान्यात बायकोच्या उशाला बसलो. इमान यायला येळ होता. हाताला कायतरी काम पायजे म्हणून रानात आलो." बाळासोला दम लागला होता. "लेक हाय की ओ इमानात. आईनं तिच्याच नावाचा घोशा लावलाय. सांजपतूर काय खरं न्हाय म्हणलाय डाक्टर."

गुरुप्रसादांचा आवाज उतरला. "विझवता येईल?"

"पेटलेलं पाचट कुठलं इझतंय? वारं फिरलं पायजे."

वायरलेसवर पायलट बोलला. अजून एक फेरी मारतो, नाही दिसलं तर मुंबईला परत.

दोघंही खिडकीशी उभे राहिले. मग कुंपणाजवळचं गवत हललं आणि उलट्या बाजूला वाकलं. धूर धावपट्टीवरून उठला, सरकला, आणि त्यातूनच विमान बाहेर आलं. चाकं टेकली.

गुरुप्रसादांनी मुंबईला फोन लावला. "हो, उतरलं. उशिराचं कारण? हवामान."

बाळासो जागचा हलला नाही.

"हवामान न्हवं, साहेब. मी हाय."

"'तुम्ही' असं कारण नसतं आमच्याकडं, पावणं. यंत्र बिघडलं, मागचं विमान उशिरा आलं, नाहीतर हवामान. धूर हवामानात धरतात."

"म्हंजे पाऊस, वारं, त्यात?"

"त्यातच."

संघप्रिया बाहेर आली ती पिशवी छातीशी धरूनच. "आबा, आई?"

"हाय. दाराकडं डोळं लावून बसलीया. चल."

"वर लई भ्या वाटलं ओ. नुसतं काळं. हवामान खराब हाय म्हणत हुते."

"व्हय," तो म्हणाला.

ती भराभरा रिक्षाकडं निघाली. त्यानं एकदा मागं बघितलं. विमानाच्या पांढऱ्या नाकावर, पंखांवर जळक्या पाचटाचे काळे तुकडे चिकटले होते. एक कामगार शिडीवर चढून पायलटपुढची काच पुसत होता.

"आबा, चला की!"

बाळासोनं आधी विमानाकडं बघत डोक्यावरची टोपी काढली. मग वळला.